पंचविसाव्या पोर्टचा बंदोबस्त

सानपाडा हा नवी मुंबईतील वाशी व जुईनगर यांमधील विभाग. तेथील एखाद्या लहान कार्यालयाने साध्या घरगुती जोडणीवर स्वतःचा ई-मेल सर्व्हर उभारून थेट बाहेर पत्रे धाडण्याचा यत्न केला, तर इंटरनेट पुरविणारी कंपनी ती वाटेतच अडवील, असा संभव असतो. सकृद्दर्शनी हा अन्याय वाटतो. म्हणून त्यामागील कारणांची मीमांसा करणे आवश्यक आहे.

ई-मेलच्या वहनाचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ग्रथित केले. त्यांनुसार सर्व्हर परस्परांशी २५ क्रमांकाच्या पोर्टवर संपर्क साधतात. पत्र आणणारा कोण, याची शहानिशा करण्याची तरतूद त्यांत नव्हती. जाळे लहान होते व परस्परविश्वास गृहीत धरलेला होता. भारतात ऑगस्ट १९९५ मध्ये विदेश संचार निगमाने इंटरनेट जनतेस खुले केले, आणि २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानंतर घरोघरचे संगणक अखंड जोडले जाऊ लागले. अशा संगणकात घातक प्रोग्राम शिरला, की मालकाच्या नकळत याच पोर्टमधून स्पॅमचा लोंढा बाहेर पडतो.

त्याचे फळ मात्र इतरांस भोगावे लागते. घरगुती जोडणीचा पत्ता बहुधा बदलता असतो. आज एका घराकडे असलेला पत्ता उद्या शेजाऱ्याकडे जातो. तो काळ्या यादीत पडला असेल, तर निरपराध माणसाचे पत्रही नाकारले जाते.

यावरील उपाय म्हणजे पत्र सुपूर्द करणे व पत्र पोहोचविणे या दोन क्रियांची फारकत होय. डिसेंबर १९९८ मध्ये सुपूर्दीसाठी ५८७ हा पोर्ट नेमण्यात आला. मार्च १९९९ मध्ये प्रेषकाची ओळख पटविण्याची रीत ठरली. ग्राहक आपल्या सर्व्हरकडे ओळख देऊन पत्र सोपवितो व तो सर्व्हर २५ व्या पोर्टने ते पुढे नेतो. त्यामुळे घरगुती जोडणीस २५ वा पोर्ट बंद केला तरी सामान्य पत्रव्यवहार खुंटत नाही. ब्राझीलमध्ये २०१३ च्या सुमारास हीच व्यवस्था देशव्यापी झाली.

या उपायाने स्पॅमचे निर्मूलन होत नाही. चोरलेल्या संकेतशब्दाने ५८७ व्या पोर्टवरूनही स्पॅम जाऊ शकतो. परंतु तेथे कोणते खाते वापरले गेले हे कळते आणि ते बंद करता येते. उलटपक्षी, स्वतःचा सर्व्हर चालविण्याचे स्वातंत्र्य संकोचते, हेही खरे. म्हणून निर्बंध आधी जाहीर करणे आणि स्थिर पत्ता घेऊन जबाबदारी पत्करणाऱ्या ग्राहकास तो पोर्ट खुला करून देणे, या दोन अटींवरच ही बंदी न्याय्य ठरते.