बोलका आरसा
समोर जे आहे ते निमूटपणे दाखवावे, एवढीच आरशाची आजवरची चाकरी होती. परंतु 'लॉरियाल' या फ्रेंच प्रसाधन-कंपनीने २०१८ साली टोरांटोची 'मोडीफेस' ही संस्था विकत घेतली, तेव्हा समोर जे नाही तेही दाखविणाऱ्या आरशाला या व्यवसायात जणू कायमची सनद मिळाली. हा आरसा म्हणजे मोबाईल. त्याचा कॅमेरा डोळ्यांचे कोपरे, नाकाचा शेंडा, ओठांची कड असे ठराविक बिंदू हेरतो, मान वळली तरी त्यांचा पाठलाग सोडीत नाही, आणि त्यांच्या आधाराने ओठांवर रंग असा चढवितो की, खालची बारीक रेघ व वरची चकाकी दोन्ही कायम राहावीत. त्वचेची परीक्षा करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता मात्र निराळी. तज्ज्ञांनी आधी प्रत लावून दिलेल्या असंख्य छायाचित्रांवर तिचा अभ्यास झालेला असतो. तरीही खिडकीपाशी नितळ ठरलेला गाल न्हाणीघरातील पिवळ्या दिव्याखाली डागाळलेला ठरू शकतो, आणि निदानाखाली, आरसा ज्याचा त्याच दुकानाच्या मलमाची शिफारस असते, हा काही योगायोग नव्हे!

खरी मेख वर्णाची; ही परीक्षा त्याची प्रत कोणत्या पट्टीने लावणार? त्वचा उन्हात भाजते की रापते, यावरून त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली बसविलेली प्रतवारी मुळात गोऱ्या कातडीपुरतीच होती. सावळे व काळे वर्ण तीत मागाहून दाखल झाले. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची १० छटांची पट्टी गूगलने २०२२ साली सर्वांना खुली केली. तिच्यातील कोणत्या रकान्यात आपला 'गव्हाळ' बसवावा, हे ठरविताना वधूवर-सूचक मंडळाच्या कारकुनालाही घाम फुटावा.