सोन्याचा ठिपका खरा की खोटा?



कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेली टेस्टची पट्टी आठवते ना? तिच्यावर उमटणारी तांबडी रेघ बऱ्याच पट्ट्यांमध्ये चक्क सोन्याच्या कणांची असते. सोनं इतकं बारीक झालं की ते पिवळं दिसत नाही, पाण्यात लाल दिसतं. फॅरेडेने १८५७ मध्येच अशा लाल द्रावणाचा अभ्यास केला होता.

हेच कण सूक्ष्मदर्शकाखालीही कामाला येतात. प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटते. १९७१ मध्ये फॉक आणि टेलर यांनी अँटिबॉडीला सोन्याचा कण जोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी वापरला. कण साधारण ५ ते २० नॅनोमीटरचे. इलेक्ट्रॉन सोन्यातून सहज पार होत नाहीत, त्यामुळे चित्रात काळा गोल ठिपका दिसतो. ठिपका जिथे, प्रथिन तिथे. पण ठिपका चुकीच्या जागी पडला तर? पेशीत जे नाही ते ‘आहे’ असं छापून जाईल. म्हणून वापरण्याआधी या द्रावणाचीच परीक्षा घ्यावी लागते.

पहिली परीक्षा मला फार आवडते, कारण ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. उघड्या सोन्याच्या द्रावणात मीठ घातलं की कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग निळसर होतो. कणांवर प्रथिनाचं पुरेसं आवरण असेल तर मीठ घालूनही रंग लालच राहतो. रंग बदलला, तर आवरण अपुरं आहे असं समजायचं.

मग द्रावणाचा थेंब जाळीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कण सुटे हवेत, एकाच मापाचे हवेत. गुठळ्या असतील तर एका जागी चार ठिपके दिसतील आणि प्रथिन भरपूर आहे असा भास होईल. उलटा घोटाळाही होतो. सोनं न जोडलेली मोकळी अँटिबॉडी द्रावणात उरली, तर ती आधी जाऊन जागा अडवते आणि ठिपके कमी पडतात. सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवलं की सोनं तळाशी बसतं, मोकळी अँटिबॉडी वरच्या पाण्यात राहते. ते पाणी काढून टाकायचं.

एवढं करूनही खात्री होत नाही बरं का! बऱ्याचदा आधी प्रथिन ओळखणारी साधी अँटिबॉडी लावतात आणि तिला ओळखणारी दुसरी, सोनं जोडलेली अँटिबॉडी नंतर. मग एका कापावर पहिली अँटिबॉडी मुद्दाम लावतच नाहीत. तिथे जे ठिपके पडतील ते सोनं उगाच चिकटल्याचे. शिवाय ते प्रथिन नक्की असलेला एक नमुना आणि नक्की नसलेला एक नमुना, दोन्ही सोबत तपासतात. जिथे ऊतीच नाही, नुसतं रेझिन आहे, तिथलेही ठिपके मोजतात.

मुलांना हे सांगताना कोरोनाच्या पट्टीवरची ‘सी’ ही रेघ दाखवा. ती उमटली नाही तर ‘निगेटिव्ह’ म्हणायचं नाही. ती पट्टी बाद, नवी घ्यायची.