पोराचे बूट

जूनमध्ये शाळा उघडते. घरात नवे बूट येतात. पोर हुंदडते, दगड लाथाडते, आणि दिवाळीच्या आत बूट आ वासतो. आपण पोराला रागावतो. पण पोराने पळू नये तर काय करावे?

बूट घेताना आधी उलटा करून बघावा. तळ नुसता चिकटवलेला असला तर पावसात सुटतो. शिवलेला तळ टिकतो. चिकटवलेलाच परवडत असेल, तर पायात घालण्याआधीच मोच्याकडून भोवती टाके घालून घ्यावेत. तळ सुटल्यावर जायचे ते आधीच जावे, एवढेच! बूट वाकवूनही बघावा. बोटांपाशी वाकला तर ठीक. मधोमध दुमडला तर घेऊ नये.

पुढच्या वर्षीही होईल म्हणून आपण फार मोठा बूट घेतो. आम्हांला हे पटत नाही. सैल बुटात पाय सरकतो, पोर अडखळते. पुढे आडव्या अंगठ्याएवढी जागा पुरे.

भिजलेला बूट चुलीपाशी ठेवू नये; चामडे तडकते. आत रद्दी कोंबून वाऱ्यावर वाळवावा. तोवर पोराला चपला द्याव्यात, अनवाणी धाडू नये. लोक उघड्यावर शौचास बसतात तिथल्या ओल्या मातीत अंकुशकृमी नावाचे जंत असतात. ते पायाच्या कातडीतून अंगात शिरतात आणि आतड्यात राहून रक्त पितात.