कोयता सोडताना : धंदा बदलण्याचा हिशेब

धंदा बदलावा की बदलू नये, हा प्रश्न शहरातल्या नोकरदाराला पडतो तेव्हा त्याच्यापाशी विचार करावयास सवड असते. महिन्याचा पगार चालू असतो. आपल्या माजलगावच्या परिसरात हाच प्रश्न पडतो तो पावसाळ्याच्या तोंडाशी, घरात दाणे संपत आलेले असताना आणि मुकादम ओट्यावर येऊन बसलेला असताना. अशा वेळी माणूस निवड करीत नाही. समोर जे येते ते पत्करतो. म्हणून हा हिशेब आधीच मांडून ठेवला पाहिजे. आजच्या विवेचनाचा हेतू तेवढाच आहे.

उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, असे आपले वाडवडील सांगत. आज कोणत्याही बापाला विचारा, तो ही उतरंड उलटी करून सांगेल. परंतु उतरंड सुलटी असो वा उलटी, ती धंद्याची प्रतिष्ठा सांगते, त्याचा व्यवहार सांगत नाही. व्यवहार पाहावयाचा तर प्रत्येक कामाला चार प्रश्न विचारावे लागतात. हाती पैसा किती पडतो आणि केव्हा पडतो? अंगाची झीज किती होते? घरादाराचे, विशेषतः मुलांचे काय होते? आणि ते काम सोडावेसे वाटले तर सोडता येते काय?

प्रथम ऊसतोडीलाच हे प्रश्न विचारू. सिंदफणेवर धरण झाले, जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे पाणी त्यात आले आणि आपल्या तालुक्यात ऊस व कारखाने उभे राहिले. पण पाणी काही प्रत्येक रानाला लागले नाही. ज्याची जमीन कोरडी राहिली तो दसरा-दिवाळीनंतर दुसऱ्याचा ऊस तोडावयास सांगली-कोल्हापूरकडे किंवा थेट कर्नाटकात जातो. तेथे नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल मिळते व ती तोडणीतून फेडावयाची असते.

आता आकडेमोड पाहा. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत; प्रत्येकाने आपापले घालून पाहावेत. समजा, जोडीने एक लाखाची उचल घेतली. तोडणीचा दर टनाला ३५० रुपये आणि जोडी दिवसाला दोन टन तोडते. हंगाम पाच महिन्यांचा धरला तरी पाऊस, आजारपण व कारखान्याची बंदी वजा जाता काम १२० दिवस. म्हणजे ८४,००० रुपयांचे काम झाले आणि १६,००० रुपये अंगावर राहिले. पुढच्या वर्षी जाणे भाग पडते ते या बाकीमुळे. एक लाख हा आकडा मोठा दिसतो, परंतु ७०० रुपये रोज दोघांत वाटले तर माणशी ३५० पडतात. आणि तो रोज आठ तासांचा नसतो. पहाटे अंधारात फडात उतरावयाचे आणि रात्री गाडी येईल तेव्हा डोक्यावरून मोळ्या वाहून ती भरावयाची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण दर वाढला म्हणून उचलीची गाठ सुटत नाही.

अंगाच्या झिजेविषयी एकच आकडा सांगतो. २०१९ साली नेमलेल्या शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कामाचा खाडा परवडत नाही, म्हणून दुखणे अंगावर काढावयाचे, आणि मग ते एकदाचे कायमचे मिटवावयाचे. ही किंमत उचलीच्या चिठ्ठीवर कोठेच लिहिलेली नसते.

मग लोक जातात का? कारण लेकीचे लग्न, घराचे पत्रे किंवा सावकाराचे देणे यांसाठी एकरकमी पैसा विनातारण देणारा दुसरा कोणी गावात नसतो. हे नाकारून ‘कोयता सोडा’ असा उपदेश करणे सोपे, पण खोटे आहे.

आता दुसरा धंदा घेऊ. आपल्या जिल्ह्यात रेशीमशेती वाढली आहे आणि तिच्या यशाच्या गोष्टी आपण ऐकतो. तुती एकदा लावली की बारा-पंधरा वर्षे टिकते. अळ्यांची एक बॅच साधारण महिन्याभरात कोषावर येते, वर्षाला चार-पाच बॅचेस निघू शकतात, आणि मुले घरी राहून शाळेत जातात. ही जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू अशी की शेड आधी बांधावे लागते. उन्हाळ्यातही तुतीला पाणी हवे. शेवटच्या आठवड्यात अळ्या अधाशासारख्या खातात, तेव्हा घरातल्या कोणालाही धड झोप मिळत नाही. शेजारच्या रानातले कीटकनाशक पाल्यावर उडाले तर सगळी बॅच हातची जाते, आणि कोषाचा भाव वरखाली होतो. ज्याच्या विहिरीला चैत्र-वैशाखात पाणी नाही, त्याने शेजाऱ्याचे शेड पाहून कर्ज काढू नये.

तिसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. कोयत्याचे कामही आहे तसे राहणार नाही. ऊसतोडणी यंत्रांना अनुदान देण्याची योजना राज्य शासनाने २०२३ साली काढली. यंत्राला चालक व मिस्त्री लागतात, पण थोडे. आणि त्या कामात शिरावयाचे तर हंगाम सुरू होण्यापूर्वी शिकावे लागते.

तेव्हा करावयाचे काय? एका उडीत धंदा बदलू नये. पहिल्या वर्षी उचल शक्य तितकी कमी घ्यावी, आणि घेतली-फेडलीची नोंद स्वतःच्या वहीत, स्वतःच्या किंवा शाळेत जाणाऱ्या पोराच्या हाताने ठेवावी. मुलांना फडावर नेऊ नये. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहे निघाली आहेत, तेथे चौकशी करावी. घरातील एकाने मागे राहून नव्या कामाचा एक हंगाम, मग ते शेड असो, शेळ्या असोत की यंत्र असो, दुसऱ्याच्या हाताखाली राबून पाहावा. त्यात कमाई थोडी होईल. पण त्या धंद्यातले वाईट दिवस आपले पैसे न बुडता पाहावयास मिळतील. बाकी फिटल्यावरच दुसरे पाऊल टाकावे.

पुढल्या पावसाळ्यात मुकादम ओट्यावर येईल तेव्हा त्याला हो म्हणा किंवा नाही म्हणा, तो तुमचा अधिकार आहे. मात्र त्या दिवशी ती वही जवळ असू द्या आणि घरधनिणीला शेजारी बसवून ती मोठ्याने वाचा. कारण कोयत्याचा अर्धा भाग तिचा आहे.