जुन्या जीपचा पंप

नाशिकच्या मायको सर्कलवरून पश्चिमेस निघालेला रस्ता सातपूरची औद्योगिक वसाहत ओलांडून ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्र्यंबकेश्वरी जातो, आणि डिझेल एंजिनात इंधनाचे सूक्ष्म तुषार उडविणारी नोझले जेथे घडतात तो कारखाना याच वाटेवर असल्यामुळे, इंधनयंत्रणेविषयी लिहावयाचे तर प्रथम त्याच्याकडेच वळावे असे कोणासही वाटेल. परंतु तेथील कारागिरी मिलिमीटरच्या सहस्रांशात मोजली जाते, व सामान्य मिस्त्रीने तिच्या वाटेस जाऊ नये असाच शिरस्ता आहे. मला ज्याचा परिचय करून द्यावयाचा आहे तो जिन्नस अगदी उलट प्रकृतीचा, म्हणजे उघडला जावा याच हेतूने निर्माण झालेला आहे : जुन्या पेट्रोल जीपचा, मिस्त्रीलोक ज्याला ‘एसी पंप’ म्हणतात तो, पडद्याचा पंप.

महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावास विलीज जीपा जुळविण्यास आरंभ केला. अमेरिकेत १९५३ साली निघालेली उंच बॉनेटाची ‘सीजे ३बी’ तेथे १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे मात्र ती त्यानंतरही कित्येक वर्षे तयार होत राहिली, आणि सरकारी अंमल ज्या ज्या आडमुलखात पोहोचावयाचा तेथे तो बहुधा जीपेत बसूनच पोहोचला. पुढे खात्यांनी निर्लेखित केलेल्या गाड्या लिलावात खाजगी मालकांकडे गेल्या, आणि त्यांतल्या ज्यांचे मूळचे पेट्रोल एंजिन काढून कोणी डिझेल बसविले नाही, त्यांच्यात हा पंप अद्याप चालू आहे.

पेट्रोलची टाकी या गाडीत चालकाच्या आसनाखालीच असते (ही योजना करताना चालकाचे मत घेतलेले दिसत नाही), आणि तेथून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचविण्याचे काम एंजिनाच्या कुशीस बसविलेला हा मूठभर पंप करतो. कॅमशाफ्टवरील विकेंद्री चकती फिरता फिरता पंपाचा रॉकर दाबते, रॉकर रबराचा लेप दिलेल्या कापडी पडद्यास खाली ओढतो, आणि पडद्यावरच्या कोठडीत पेट्रोल खेचले जाते. मात्र ते पुढे ढकलण्याचे काम रॉकरकडे नसून पडद्याखालच्या स्प्रिंगकडे सोपविलेले आहे, व सगळी मख्खी येथेच आहे. कार्ब्युरेटरची वाटी भरून तिची सुई मिटली की पेट्रोलला वाट उरत नाही, पडदा खालीच थबकतो, रॉकर रिकामा हलत राहतो, आणि दाब चौरस इंचास तीन-चार पौंडांच्या घरातच राहतो. मागणीइतकाच पुरवठा करणारी ही व्यवस्था कोणत्याही पुरवठाखात्यास हेवा वाटावा अशी आहे. काही जीपांत याच पंपास दुसरा पडदा जोडलेला असून तो वायपरास निर्वाताचे साहाय्य देतो. एरवी चढणीवर वायपर मंदावतो, तो त्यामुळे चालता राहतो, आणि भर पावसात त्र्यंबकाहून जव्हारकडे जाणाऱ्यास त्याचे मोल निराळे सांगावयास नको.

पंपाच्या खालच्या भागास एक बारीक छिद्र असते. पडदा फाटला म्हणजे पेट्रोल रॉकरच्या वाटेने एंजिनाच्या तेलात उतरू लागते. छिद्रामुळे त्यातील काही बाहेर ठिबकते व मालकास वेळेवर इत्तला मिळते. तेव्हा ते छिद्रच बुजवून गळती थांबविणारा मिस्त्री हा तक्रारअर्ज फाडून टाकणाऱ्या कारकुनाचा सख्खा भाऊ समजावा. अर्थात प्रत्येक थेंब छिद्रातलाच असेल असे नाही. पंपाच्या काचेच्या वाटीचे बुचाचे पॅकिंग वाळलेले असते, कडेचे स्क्रू ढिले असतात, नळीचा नट चिरलेला असतो. आणि पेट्रोल कोठूनही निघाले तरी ओघळून सर्वांत खालच्या जागीच दिसते. म्हणून अनुभवी हात प्रथम पंप पुसून कोरडा करतो, बाजूची खिट्टी हाताने हलवून पेट्रोल चढवितो आणि पहिला ओलावा कोठे उमटतो ते पाहतो. खिट्टी सैल लागली तर पंप बिघडला असे नव्हे; एंजिन थांबताना चकतीने रॉकर दाबून धरलेला असतो, हँडल मारून ते थोडे फिरविले की काम भागते. डिपस्टिकवरचे तेल वाढलेले दिसले व त्यास पेट्रोलचा वास आला, तर मात्र पडदाच गेला.

हल्ली या पडद्यांवर नवे संकट आले आहे. वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे आणले गेले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढही झाले. उसाच्या मुलखाला ते हितावह असेल. परंतु इथेनॉल जुन्या रबरास फुगविते, आणि हवेतला ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात उभ्याच राहिलेल्या जीपेच्या टाकीत पाणी तळाशी वेगळे होते, ते पंपाच्या काचेच्या वाटीत डोळ्यांना दिसते, हा जुन्या रचनेचा आणखी एक प्रामाणिकपणा.

दुरुस्तीस प्रारंभ बॅटरीची तार सोडून व टाकीकडील नळीचे तोंड बंद करून होतो. पंपाच्या दोन्ही भागांवरून आडवी रेघ ओढून ठेवतात, म्हणजे जोडताना नळ्यांची तोंडे भलत्या दिशेस जात नाहीत. नवा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचाच घ्यावा. तो बसविताना कडेचे स्क्रू प्रथम सैलच ठेवून, रॉकर पूर्ण दाबून धरून, मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळावयाचे असतात. ही तजवीज न करता कसून आवळलेल्या पडद्यास पुरेसा ढील राहत नाही, प्रत्येक खेपेस तो ताणला जातो आणि लवकरच पुन्हा फाटतो. घाईत काम करणाऱ्यांची किटे वारंवार खपतात ती बहुतांशी यामुळे. पंप चढला तरी काम संपत नाही : पेट्रोलने पातळ झालेले तेल बदललेच पाहिजे, नाहीतर तेलाचे पैसे वाचवून बेअरिंगे गमवावी लागतात.

रस्त्यात टाकी किंवा नळी गळली तर कपड्याचा साबण चोळून घर गाठण्याची जुनी वहिवाट आहे, आणि साबण पेट्रोलमध्ये विरघळत नसल्याने ती तात्पुरती योग्यच आहे. फाटक्या पडद्यास साबणाचा उपयोग नाही. तेथे कित्येक मालक पंपच काढून विजेचा बसवितात. बाजारात मिळणारे सगळेच विजेचे पंप कार्ब्युरेटरसाठी नसतात. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर त्याच्या दाबापुढे कार्ब्युरेटरची सुई टिकत नाही व पेट्रोल वरून वाहू लागते. शिवाय, वेगळा बंदोबस्त केलेला नसेल तर, एंजिन बंद पडले तरी किल्ली चालू असेपर्यंत तो पंप पेट्रोल ढकलीतच राहतो. पडद्याचा पंप एंजिनाबरोबरच थांबतो, आणि टाकी आसनाखाली असलेल्या गाडीत मी तरी तोच ठेवीन.