आधी टाकं, मग नाव

दहा जणांच्या बैठकीत, दुसऱ्याच्या व्यासपीठावर किंवा गावच्या व्हॉट्सॲप गटावर चार शब्द बोलताना शेवटी आपल्या दुकानाचा, नर्सरीचा, कृषी पर्यटन केंद्राचा पत्ता जोडावा का? धंदा करणाऱ्याला वाटतं, माणसं जमलीच आहेत तर सांगून टाकावं. भिडस्त माणूस आपलं काम चांगलं असूनही तोंडातून ब्र काढत नाही. वारूळवाडी-नारायणगाव भागातल्या माणसाला याचं उत्तर शोधायला तालुक्याबाहेर जायला नको. जुन्नरच्या कातळात ते दोन हजार वर्षांपासून कोरलेलं आहे.

नाणेघाटाचंच घ्या. कोकणातून चढून आलेला व्यापारी माल जिथे टेकवायचा, त्या खिंडीच्या तोंडाशी सातवाहनांच्या नागनिका राणीचा प्रसिद्ध लेख आहे. केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांची ती भली मोठी यादी. अभ्यासक तिच्याकडे वळतात, ते योग्यच आहे. माझा जीव मात्र नाणेघाटातल्याच एका छोट्या लेखावर जडला आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने पाण्याचं टाकं दिलं, एवढंच तो सांगतो. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, त्या काळचं गजबजलेलं बंदर. दात्याचं नाव, त्याचं गाव आणि दिलेली वस्तू, एवढ्यात मजकूर संपला. उन्हात घाट चढून घशाला कोरड पडलेल्या माणसाला त्या टाक्यातलं पाणी मिळत असेल, तेव्हा सोपाऱ्याचं नाव वाचून किंवा ऐकून त्याला राग आला असेल का? मला नाही वाटत. उलट सोपाऱ्याला गेल्यावर त्याने गोविंददासाचं घर विचारलं असतं.

जुन्नरभोवती शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री अशा डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत आणि त्यांतल्या कितीतरी लेखांचा साचा हाच आहे. चिट नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या परदेशी माणसाने, भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने दोन टाकी दिली. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्या काळच्या व्यापारी संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. महाक्षत्रप नहपान या राजाचा अमात्य अयम याने, लेखात नोंदवलेल्या वर्ष ४६ मध्ये, मंडप आणि टाकं करून दिलं, स्वतःचं वत्स गोत्रही सांगितलं. ही मंडळी लाजरीबुजरी नव्हती. नाव, कुळ, हुद्दा, व्यवसाय, सगळं त्यांनी दुसऱ्याच्या जागेत, भिक्षूंच्या वस्तीत कोरून ठेवलं. जाहिरातच म्हणायची तर तीही होती. धान्य व्यापाऱ्यांचा दानधर्म पाहून त्यांच्यावरचा विश्वास वाढत असणारच, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही.

यातली खुबी क्रमात आहे. वाक्यात दात्याचं नाव आधी येतं, पण कातळात आधी छिन्नी चालली ती टाक्यासाठी. टाकं नसतं तर त्या नावाला तिथे जागाच नव्हती. शिवाय ते नाव एका ओळीचं. मंडप डोळ्यांत भरतो, अक्षरं शोधावी लागतात. दिलेली वस्तू मोठी आणि देणाऱ्याचं नाव लहान, हे प्रमाण त्या माणसांना न सांगता कळत होतं.

आता त्याच डोंगरांवर, कोळशाने किंवा खिळ्याने खरडलेली नावं बघा. बदामात दोन अक्षरं, खाली गावाचं नाव, कधी मोबाइल नंबर. तीही नाव-गावच सांगतात, पण बरोबर काहीही देत नाहीत. संरक्षित स्मारकाची अशी खराबी करणाऱ्याला १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात शिक्षा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर ती दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, इथवर गेली आहे. मला विचाराल तर दंडापेक्षा त्या पोरांना आधी गोविंददासाची ओळ वाचून दाखवावी.

मुद्दाम स्वतःची पाटी लावायची अशी जागाही आपल्याकडे आहे. चैत्रातल्या यात्रांच्या आधी नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीवर फडाचं नाव ठळक असतं आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले फिरून सुपारी ठरवतात. तिथे नाव मोठंच हवं, कारण येणारा ते शोधतच आलेला असतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी तर गावच नावात घेतलं आणि आपल्या कलेने ते महाराष्ट्रभर नेलं. बाजारात स्वतःबद्दल बोलायला लाज कसली?

खटकतं ते पाहुणा म्हणून जाऊन बाजार मांडणं. दहावीला पहिल्या आलेल्या मुलीच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो, मुलीचा फोटो कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांचे चेहरे तिच्या दुप्पट. शोकसभेत वक्ता उठतो आणि गेलेल्या माणसापेक्षा आपल्या संस्थेबद्दल जास्त बोलतो. व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला उभा राहिलेला गृहस्थ पाच मिनिटं स्वतःचा परिचय देतो आणि प्रश्न राहूनच जातो. ऐकणारे गप्प बसतात, पण नाव लक्षात ठेवतात, आणि ते चांगल्या कारणाने नव्हे.

आमच्या भागात हा प्रश्न रोज उभा राहतो तो टोमॅटोच्या हंगामात. कुणीतरी गटावर पानाचा फोटो टाकतो: खालच्या पानांवर तपकिरी डाग आलेत, काय करू? पहिलं उत्तर येतं, ‘आमच्याकडे सर्व औषधे मिळतील’, पुढे दुकानाचं नाव आणि नंबर. दुसरा लिहितो: डागात एकात एक गोल कडी दिसतात का पाहा, दिसत असतील तर बहुधा लवकर येणारा करपा आहे. तो खालच्या जुन्या पानांपासून वर सरकतो. डागाळलेली पानं काढून प्लॉटबाहेर न्या, पानं ओली राहू देऊ नका, आणि फवारणीआधी कृषी विज्ञान केंद्रात पान दाखवा. मग शेवटी: माझी रोपवाटिका वारूळवाडीत आहे, येताजाता थांबलात तरी बघून देईन. पत्ता दोघांनीही दिला. पण पहिल्याने नुसती पाटी लावली, दुसऱ्याने टाकं खोदून त्यावर नाव घातलं.

या दुसऱ्या माणसाने पत्ता लपवला असता, तर उलट शेतकऱ्याचं नुकसान झालं असतं. सल्ला कुणी दिला, तो कुठे भेटेल, हे कळल्याशिवाय सल्ल्याला वजन येत नाही. म्हणून तर वर्तमानपत्रं वाचकांच्या पत्राखाली नाव-गाव छापतात आणि पूर्ण पत्ता मागून घेतात. पत्त्यामुळे आणखी एक गोष्ट उघड होते, ती म्हणजे सांगणाऱ्याचा हितसंबंध. एखादं औषध सुचवणारा स्वतःच ते विकत असेल, तर ऐकणाऱ्याला ते कळायलाच हवं. समाजमाध्यमांवर पैसे घेऊन वस्तूची तारीफ करणाऱ्यांनी ती जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहावं, असा नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये केला तो यासाठीच. नाव न घालणं हा दरवेळी विनयच असतो असं नाही, कधी ती लपवाछपवीही असते.

तेव्हा गटावर कुणी पानाचा फोटो टाकला आणि तुम्हाला रोग ओळखता येत असेल, तर आधी उत्तर पूर्ण लिहा, मग नाव, गाव, दुकान बिनधास्त लिहा. सुचवलेलं औषध तुमच्याच दुकानात विकलं जात असेल, तर तेही त्याच ओळीत सांगा. उत्तर येत नसेल तर त्या दिवशी पत्ता देऊ नका.