शाळेच्या भिंतीवरील लिंकन : एक पत्र आणि दोन शब्द

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांतील ठाकरवाड्यांतून बोलीचे नमुने गोळा करीत हिंडत असता प्रस्तुत लेखकास अनेक शाळांच्या व्हरांड्यांत बसून वेळ काढावा लागला. शाळा सुटेपर्यंत भिंती वाचणे एवढाच उद्योग अशा वेळी हाती असतो. भिंतींवर काय असावयाचे हे बहुधा ठरलेले आहे : शिवछत्रपती, जोतीराव आणि सावित्रीबाई, बाबासाहेब, गांधीजी, सुविचाराचा फळा, आणि या मंडळींच्या पंक्तीस काळ्या कोटातील, गालफडे बसलेला, दाढी राखून मिशी काढलेला एक परदेशी गृहस्थ. त्याच्या चित्राशेजारी ‘हेडमास्तरांस पत्र’ छापलेले असते. अमेरिकेचा दुसरा कोणताही अध्यक्ष या भिंतीपर्यंत पोहोचलेला नाही. वॉशिंग्टनची कुऱ्हाड आणि ते चेरीचे झाड नीतिपाठांतून येऊन गेले. ती कथाही पार्सन वीम्स या चरित्रकाराने १८०६ च्या आवृत्तीत घुसडलेली. जेफर्सनचे एक वचन बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत उद्धृत केले, परंतु ते अभ्यासकांपुरतेच राहिले. मुक्काम केला तो एकट्या लिंकनने.

तेव्हा मराठी माणूस लिंकनला ओळखतो असे आपण म्हणतो, त्या वेळी तो नेमके काय ओळखतो, हा प्रश्न भाषाभ्यासकालाही विचारता येण्याजोगा आहे. एक पत्र, एक व्याख्या आणि एक चित्र एवढेच त्याच्या ओळखीचे भांडवल होय. यांपैकी पत्र लिंकनचे नाही.

हे शेवटचे विधान प्रथम सिद्ध केले पाहिजे. लिंकनच्या समग्र लेखनाचा रॉय बॅस्लर यांनी संपादिलेला संग्रह रटगर्स विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९५३ ते १९५५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध केला. दोन ओळींच्या चिठ्ठ्यासुद्धा ज्यात टिपल्या आहेत अशा या संग्रहात मुलाच्या शिक्षकास लिहिलेले हे पत्र नाही. त्याचे हस्तलिखितही उपलब्ध नाही. चरित्राचा पुरावा याच दिशेचा आहे. लिंकनला चार मुलगे झाले. एडवर्ड १८५० मध्ये, चौथे वर्ष पुरे होण्यापूर्वी गेला. विली फेब्रुवारी १८६२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानीच वारला. धाकट्या टॅडच्या टाळूत जन्मजात व्यंग असल्यामुळे त्याचे बोलणे परक्यास कळत नसे. बाप मारला गेला तेव्हा बारा वर्षांच्या या मुलास धड वाचताही येत नव्हते, आणि त्याबद्दल बापाने कधी त्रागा केला नाही. लिंकनचा वकिलीतील भागीदार हर्नडन याची तर कायमची तक्रार होती की, ही पोरे रविवारी कचेरीत येऊन कागद उधळतात, दौती लवंडतात आणि बाप त्यांना एका शब्दाने बोलत नाही. शिस्तीची यादी करून हेडमास्तरांस धाडणारा पिता या वर्णनात कोठे बसवावयाचा? शिवाय स्वतः लिंकनचे शाळेत जाणे, त्याच्याच १८६० मधील आत्मनिवेदनानुसार, सारे मिळून वर्षभराचेही भरत नाही. हेडमास्तर नावाची व्यक्ती त्याच्या लहानपणी त्याच्या वाट्यास आलीच नव्हती.

मग हा हेडमास्तर आला कोठून? तो आपला आहे. इंग्रजीत फिरणाऱ्या मजकुरात साधा शिक्षक आहे. त्याचा हेडमास्तर मराठीत झाला, आणि मराठीत हे पत्र रुजविले ते वसंत बापटांच्या अनुवादाने. ‘हेडमास्तरांस’ या एका रूपाकडे पाहा. हुद्दा इंग्रजी, त्यातील ‘मास्टर’चा ‘मास्तर’ झालेला, आदरार्थी अनेकवचन मराठी, आणि प्रत्यय ‘ला’ नव्हे तर ‘स’, जो बोलण्यातून केव्हाच गेला असून पत्राच्या मायन्यात आणि अर्जात तेवढा टिकून आहे. गावातील पालकाने वहाणा बाहेर काढून शाळेच्या कचेरीत पाऊल टाकावे तशी अदब या एका शब्दात आहे. पुढे मजकुरात इंग्रजीतल्या डॉलरच्या जागी ‘छदाम’ येतो. छदाम म्हणजे पैशाहूनही क्षुद्र नाणे. ते व्यवहारातून गेले आणि तुच्छतादर्शक म्हणूनच भाषेत उरले. कष्टाच्या कमाईच्या बाजूने तोच शब्द उभा करणे ही अस्सल कवीची निवड होय. हे पत्र मुलांना पाठ का होते, याचे उत्तर स्प्रिंगफील्डला शोधू नये. ते मराठीच्या या घडणीत आहे. आणि म्हणून, पत्र लिंकनचे नाही असे कळताच ते भिंतीवरून उतरवा, असे म्हणावयास प्रस्तुत लेखक तयार नाही. खालचे नाव मात्र बदलले पाहिजे. कवीचे श्रेय परदेशी अध्यक्षाच्या खाती जमा करीत राहणे हा औदार्याचा प्रकार नव्हे.

चित्राविषयी थोडक्यात. दाढीचा हा लिंकन त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या साडेचार वर्षांचाच आहे. १५ ऑक्टोबर १८६० रोजी ग्रेस बेडेल या अकरा वर्षांच्या मुलीने त्याला पत्र लिहून दाढी राखण्याचा सल्ला दिला; चारच दिवसांनी त्याने तिला उत्तर धाडले, त्यात कोणतेही वचन दिले नाही, आणि त्याच हिवाळ्यात दाढी राखली. मुलांच्या शाळेत टांगण्यास हे खरे पत्र काही कमी गोड नाही. त्याच वर्षी शिल्पकार लिओनार्ड व्होल्क याने त्याच्या चेहऱ्याचा आणि हातांचा साचा घेतला. हातांच्या साच्यात उजवा हात डाव्यापेक्षा सुजलेला दिसतो, कारण उमेदवारी मिळाल्याबद्दल अभिनंदनास आलेल्यांशी हस्तांदोलन करून तो दुखावला होता. वॉशिंग्टन शहरातील १९२२ च्या स्मारकात डॅनियल चेस्टर फ्रेंच याने घडविलेला बसलेला लिंकन आहे आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दोन भाषणे कोरली आहेत : गेटिसबर्गचे आणि दुसऱ्या शपथविधीचे. तेथील भिंतीवर लिंकनची भाषा आहे, आपल्या भिंतीवर बापटांची.

आता व्याख्या. गेटिसबर्ग येथे १९ नोव्हेंबर १८६३ रोजी एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले आणि त्यांच्यामागून लिंकन दोन-तीन मिनिटे. त्याच्या जेमतेम पावणेतीनशे शब्दांच्या भाषणाचा शेवट आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत लोकशाहीची व्याख्या होऊन बसला आहे. हा शब्दबंध संपूर्ण त्याचा नाही. थिओडोर पार्कर या धर्मोपदेशकाने १८५० मध्ये त्याच्या फार जवळचे शब्द योजिले होते. पण ते असो. इंग्रजीत एकाच नामाला लागून तीन लहान शब्दयोगी अव्यये ओळीने येतात आणि तिघांचा दर्जा सारखा राहतो. मराठीत हा डौल साधत नाही. ‘लोकांचे राज्य’ सरळ जमते, कारण ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय नामाशी विशेषणासारखा जुळतो. ‘लोकांनी राज्य’ मात्र होत नाही. ‘नी’ला क्रियापद हवे, म्हणून ‘चालविलेले’ हे धातुसाधित आणावे लागते. ‘साठी’लाही त्याचाच आधार द्यावा लागतो. परिणामी मराठी वाक्यात कर्तेपणा आपोआप उघडा पडतो : राज्य नुसते असत नाही, कोणीतरी ते चालवावे लागते. इंग्रजीत जे झाकले जाते ते मराठीचे व्याकरण विचारून घेते.

परंतु खरी अडचण प्रत्ययांत नसून ‘लोक’ या शब्दातच आहे. कर्जत तालुक्यातील एका शाळेत नववीच्या मुलांना या व्याख्येचा अर्थ विचारला असता वाडीवरचा एक मुलगा म्हणाला, “म्हंजे आपलं नाही, लोकांचं.” वर्ग हसला, शिक्षकांनी त्यास खाली बसविले. भाषेच्या दृष्टीने तो मुलगा चुकलेला नव्हता. ‘लोकांच्या वस्तूला हात लावू नये’, ‘लोकांची पोरं बघ कशी शिकतात’, ‘लोक काय म्हणतील’ — रोजच्या मराठीत लोक म्हणजे आपण सोडून बाकीचे. संस्कृतात जगाचा वाचक असलेला शब्द मराठीत ‘परके’ या अर्थापर्यंत आलेला आहे. दुसरे शब्द घ्यावेत तर ‘प्रजा’ व ‘रयत’ यांच्यामागे राजा उभा, आणि ‘जनता’ ही पुस्तकातली. संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात ही कोंडी ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी फोडली आहे. ‘आम्ही’ला जोडताच लोक आपले होतात. पण मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे, जो इंग्रजीत नाही. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो. उद्देशिका म्हणणाऱ्या साऱ्या वर्गाचा ‘आम्ही’ एकच, म्हणून तेथे ते चालून जाते. गेटिसबर्गच्या भाषणात ‘मी’ एकदाही नाही, सगळीकडे बहुवचनी प्रथमपुरुषच आहे. मराठी अनुवादकास प्रत्येक ठिकाणी आम्ही की आपण याचा निवाडा करावा लागतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की तेथे सर्वत्र ‘आपण’ हवे, आणि मग व्याख्याही ‘आपले, आपण चालविलेले, आपल्यासाठी’ अशी सांगून पाहावी. त्या मुलाचे उत्तर मग निराळे झाले असते किंवा कसे, हे व्याकरणाने ठरण्यासारखे नाही.

कारण ज्या गोष्टीसाठी लिंकन थोर मानला जातो तिचे मराठी नाव या दोन तालुक्यांत जुने नाही. ‘गुलाम’ हा अरबी शब्द जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ या ग्रंथाच्या शीर्षकी ठेवला, आणि तो ग्रंथ, निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या कार्याबद्दल, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सज्जन लोकांना अर्पण केला. अर्पण लोकांना आहे, अध्यक्षाला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्याकडील प्रत्यक्ष रूढीला मात्र ‘वेठबिगार’ म्हणतात. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला, ‘बिगार’ हा फारसी ‘बेगार’. दोहोंचा अर्थ एकच, मोलावाचून सक्तीचे काम. राज्ये बदलली तरी काम तेच राहिले, म्हणून दोन भाषांतील शब्द जुळे होऊन बसले. भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठातही ‘बेगार’ हा शब्द तसाच ठेवावा लागला. अमेरिकेच्या संविधानातील डिसेंबर १८६५ मध्ये संमत झालेली तेरावी दुरुस्ती गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवते. आपल्या अनुच्छेदात तो अपवाद नाही, सार्वजनिक कार्यासाठी सक्तीच्या सेवेचा आहे. वेठबिगार नष्ट करणारा केंद्रीय कायदा १९७६ चा. तरीही दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात, आणि पोरांची शाळा मधल्या काळात बुडते. ‘उचल’ हा शब्द साधा दिसतो. ती फिटत नाही तेव्हा त्याचा अर्थ कळतो. याच मुलुखात, माथेरानच्या भाई कोतवालांनी ठाकर-कातकऱ्यांसाठी स्वयंसेवी शाळा आणि धान्यकोठ्या काढल्या होत्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते पोलिसांच्या गोळीस बळी पडले.

लिंकनने १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने मुक्त केले ते बंडखोर संस्थानांतील गुलाम; संघराज्यात राहिलेल्या संस्थानांतील नव्हेत. गुलामांना मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर तसे करीन, असे त्याने ऑगस्ट १८६२ मध्ये होरेस ग्रीली यास जाहीरपणे लिहिले होते. वि. ग. कानिटकरांनी आपल्या चरित्रग्रंथात त्याला ‘फाळणी टाळणारा महापुरुष’ म्हटले. १९४७ पाहिलेल्या पिढीला लिंकनमध्ये प्रथम काय दिसले, हे ‘फाळणी’ या शब्दाने सांगितले आहे. जोतीरावांना दिसले ते वेगळे. दोन्ही लिंकन खरे आहेत. शाळेच्या भिंतीवर मात्र यांपैकी एकही नाही.

भिंतीसाठी खरे पत्रच हवे असेल तर ते आहे. लिंकनचा थोरला मुलगा रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला व वर्षभर तयारी करून पुढल्या वर्षी प्रवेश मिळवता झाला. त्याचा मित्र जॉर्ज लेथम यास मात्र प्रवेश मिळाला नाही. २२ जुलै १८६० रोजी, अध्यक्षपदाच्या निवडणुकीची धामधूम चालू असता, लिंकनने या पोरास पत्र लिहिले : निराशेला घर करू देऊ नकोस, निश्चय केलास तर हरणार नाहीस, असा त्याचा आशय आहे. गेल्या वर्षी हे छोटे पत्र आम्ही विभागातील विद्यार्थ्यांना अनुवादासाठी दिले. गाडी अडली ती एकाच क्रियापदावर. इंग्रजीत परीक्षेत अनुत्तीर्ण होणे आणि आयुष्यात हरणे यांस शब्द एकच, आणि पत्राचा सारा जोर त्या एकपणावर उभा आहे. मराठीत परीक्षेपुरता ‘नापास’, ज्याचा ‘ना’ फारसी आणि ‘पास’ इंग्रजी, आयुष्यासाठी ‘अपयश’. खोपोलीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने दोन्ही जागी ‘नापास’ ठेवले आणि ते बदलण्यास नकार दिला. तिचे म्हणणे, आमच्याकडे दहावीला नापास झालेल्या पोराला दुसरा शब्द कोणी वापरीतच नाही. तिचा अनुवाद सध्या विभागाच्या फलकावर लावलेला आहे. दुरुस्त्या सुचविणाऱ्यांनी फलकाखालच्या वहीत लिहाव्यात.